माझ्या बोलण्यावर जाऊ नको

माय,

तुला वाचता येत नव्हतं, आणि आता तर तू नाहीसच. म्हणजे हे पत्र न पोचायला एक सोडून दोन कारणं आहेत. तरी लिहायला बसलोय. तू असतीस तर म्हणाली असतीस, "कामधंदा न्हाई का रे तुला?" आहे की. बारावीच्या सराव परीक्षेचे पेपर समोर पडलेत, तर्कशास्त्राचे. दरवर्षी मी एक प्रश्न हमखास घालतो: स्वतःलाच खोटं पाडणारं, रोजच्या बोलण्यातलं एखादं वाक्य लिहा आणि ते कुठं अडतं ते सांगा. सकाळी पहिलाच पेपर उघडला तर एका पोरीनं लिहिलंय, 'माझ्या बोलण्यावर जाऊ नको.' खाली मांडणीही बराबर केलीय. या बोलण्यावर गेलं तर याही बोलण्यावर जायचं नाही; आणि नाही गेलं तर आपोआप त्याच बोलण्यावर गेल्यासारखं होतं. मी पूर्ण मार्क दिले. वाक्य तिचं नाही, तुझं आहे. वीस वर्षं मीच ते वर्गात सांगत आलोय. त्याच्या खालचा पेपर काही अजून उघडला नाही.

तुझं बोलणंच तसं होतं. "मी काई बोलतच न्हाई," असं म्हणून तू सुरू व्हायचीस ते चुलीवरची डाळ उतू जाईपर्यंत. दारात भांडेवाली आली की आतूनच ओरडायचीस, "घरात कोनी न्हाई, बाई!" आणि ती बाईही शहाणी, "बरं, आले की सांगा," म्हणून पुढे जायची. "या गावात एक मानूस खरं बोलत न्हाई," हे तू अख्खी हयात कुरुंद्यात काढून कुरुंद्याबद्दल म्हणायचीस. आणि दिवसातून चारदा, काहीही सांगून झालं की वर हे ठरलेलं: "माझ्या बोलन्यावर नको जाऊ. म्या काय, येडी." अकरावीला मी तर्कशास्त्र घेतलं आणि मला शिंगं फुटली. तू तोंड उघडलं की मी शब्दात पकडायचो. घरात कोणी नाही तर बोललं कोण? गावात कोणी खरं बोलत नाही तर तू तरी खरं बोलून राहिलीस का? तू हातातलं उलथनं उगारायचीस, "शिकून शिकून पोरगं वकील झालं माय," म्हणायचीस आणि हसायचीस. बाप लवकर गेलेला, धाकटी बहीण माझ्याकडं तोंड उघडं टाकून बघणारी. तुम्हा दोघींत मी एकटाच बिनचूक बोलणारा, असा माझा तोरा होता.

खरं म्हणजे हे सगळं मला तूच शिकवलं होतंस, पण ते मी कधी कोणाला सांगितलं नाही. मी दुसरी-तिसरीत असेन. तू हळदीच्या कामावरून येत होतीस, मी शाळेतून, आणि शाळेच्या भिंतीवर नवीन लिहिलेलं बघून तू थांबलीस. "काय लिवलंय रे?" मी अक्षर अक्षर लावून वाचलं, 'या भिंतीवर काहीही लिहू नये.' तू पदरानं तोंड पुसत बघत राहिलीस. मग म्हणालीस, "मंग हे कोनी लिवलं?" मला काही समजलं नाही. मी म्हटलं, गुरुजींनी. "मंग गुरुजीला छडी कोन मारनार?" एवढी हसलीस की सोबतच्या बायाही हसायला लागल्या. पुढे मी हे उदाहरण वर्गात कितीदा सांगितलं, पण स्वतःच्या हुशारीचं म्हणून सांगितलं. अंगठा देणाऱ्या बाईला ते आधी दिसलं होतं, हे सांगायला जीभ वळली नाही.

तुझं नाव मात्र एका जागी घेतलं, हसू आणायला. वसमतला तासिकेवर शिकवत होतो तेव्हा एकदा बाजारच्या दिवशी तू डबा घेऊन कॉलेजात आलीस. मला माहीत नव्हतं. मी वर्गात तुझा हेल काढून, पदर सावरायचं सोंग करून सांगत होतो, "आमची माय म्हनती, माझ्या बोलन्यावर नको जाऊ." पोरं बाकं बडवून हसत होती. खिडकीच्या गजावर मला बोटं दिसली, हळदीनं नखांपर्यंत पिवळी झालेली. त्या बोटांची ओळख पटायला मला वेळ लागायचं काही कारण नव्हतं, तरी मी तास पुरा केला. बाहेर आल्यावर तू विचारलंस, "माझ्यावर हसत व्हते व्हय?" मी म्हटलं, "तुझ्यावर नाही, वाक्यावर." तू म्हणालीस, "वाक्य माझंच ना?"  मग तूच म्हणालीस, "हसू दे. तुझ्या कामाला आलं म्हंजी झालं. पन तसा हेल नको काढू. कालपरवापतोर तुलाबी तसंच बोलता येत व्हतं." डबा माझ्या हातात दिलास आणि बाजाराला निघून गेलीस. डब्यात तिळाची चटणी आणि भाकरी होती आणि मी ती स्टाफरूममध्ये सगळ्यांना वाटून खाल्ली.

आता मुद्द्यावर येतो. किती वेळ टाळणार?

आपल्या घरात विचारायची एक रीत होती. काहीही विचारायचं तर तीनदा. भाकरी वाढू का, राहतेस का, पोरीला नवं घेऊ का, काहीही. पहिल्या दोनदा समोरचा 'नको'च म्हणणार, ते धरायचं नाही; तिसऱ्यांदा काय म्हणतो ते खरं. ही रीत तुला आजीनं लावलेली. आजी मोठ्या घरी हळद निवडायला जायची, तू सोबत. दुपारी ओसरीवर भाकरी यायची. ज्या बाया पहिल्याच हाकेला हात पुढे करत, त्यांच्यावर आतून हसणं ऐकू यायचं. आजी तुझा हात धरून ठेवायची. दोनदा नको म्हण, भूक लागली तरी म्हण, मग घे. तू हे मला सांगितलंस तेव्हा तुझा आवाज कडक झाला होता. भूक होती, पण हावरट कोणी म्हणू नये, एवढीच इज्जत त्या पोरीच्या हातात होती. आणि म्हणूनच कोणी एकदा-दोनदा विचारून सोडून दिलं की तुला भयंकर लागायचं. पाहुणी गेल्यावर म्हणायचीस, "दोनदाच विचारलं बघ तिनं. म्हंजी द्यायचंच नव्हतं."

तुझ्या छातीत गाठ निघाली तेव्हा तू ती किती महिने लपवलीस कोण जाणे. मला कळलं तेव्हा नांदेडला नेलं. डॉक्टर भला होता, तुझ्यासमोरच बोलला. काढून टाकली पाहिजे, लवकर, आणि पुढे काही महिने येणं-जाणं करावं लागेल, सोबत घरचं माणूस पाहिजे. तू डॉक्टरला म्हणालीस, "पोराला विचारून सांगते." घरी आलो. बहिणीला तेव्हा गोरेगावात सासरी दुसरं बाळ झालेलं, पंधरा दिवसाचं. राहिलो मी. आणि माझी गत अशी, की नऊ वर्षं तासिकेवर घासल्यावर माझ्या जागेला मान्यता मिळायची होती. त्याच महिन्यात तपासणी होती. संस्थेनं बजावलेलं, एक दिवस गैरहजर राहायचं नाही. हे तुला माहीत होतं, कारण महिनाभर मी घरात दुसरं काही बोलतच नव्हतो.

दुसऱ्या दिवशी सकाळची गोष्ट. तू चुलीपुढं भाकरी थापत होतीस, मी पोत्यावर बसलेलो. मी विचारलं, "मग, करायचं का ऑपरेशन?" तू भाकरी तव्यावर टाकलीस. "नको रे बाबा." मी म्हटलं, "का नको? डॉक्टर सांगतो ना." तू म्हणालीस, "नको म्हनलं ना. तुझी धावपळ चालू हाय." दोन झाले. माय, मी मोजत होतो. तुझ्या घरात वाढलेलं लेकरू मोजणार नाही का? आणि दुसऱ्या 'नको'नंतर माझा जीव भांड्यात पडला, हेही मला तेव्हाच कळलं. तू भाकरी उलटलीस, पाणी फिरवलंस. माझ्याकडं बघत नव्हतीस. मी काही बोलेना तसं तूच हळू म्हणालीस, "माझ्या बोलन्यावर नको जाऊ."

आयुष्यभर वरवर टाकायचं ते वाक्य त्या दिवशी तू तसं टाकलं नव्हतंस. त्यात तुझं सगळं होतं. मी नको म्हणतेय ते धरू नकोस, अजून एकदा विचार, एवढंच तू मागत होतीस. आणि मी काय केलं? मी मास्तर झालो. हसून म्हटलं, "बोलण्यावर जाऊ नको म्हणतेस, मग या बोलण्यावर तरी जाऊ का नको?" तू एक क्षण बघितलंस माझ्याकडं. मग हसलीस. डोळ्यात धूर गेल्यासारखा पदर लावलास, "लई शहाना झालास," म्हणालीस आणि भाकरी माझ्या ताटात टाकलीस. मी खाल्ली. दोन खाल्ल्या. विषय तिथंच संपला आणि तो तसाच संपावा म्हणून मी तो विनोद केला होता. मला सुचला म्हणून नाही.

दुपारी बहिणीला फोन केला. "माय नको म्हणते." ती बाळंतीण, रडायलाच लागली. म्हणाली, "नीट समजावून सांगितलं का?" मी म्हटलं, लय सांगितलं. मग तिनं विचारलं, कारण तीही तुझीच पोरगी, "कितीदा विचारलं, दादा?" आणि मी म्हटलं, "तीनदा."  मग म्हणाली, "मंग आता काय." तीनदा म्हटल्यावर तिच्याकडं बोलायला काही उरलं नव्हतं.

मान्यता आली. मी पेढे घेऊन आलो, तू अर्धा पेढा खाल्लास, अर्धा हातात धरून बसलीस. "झालं ना तुझं?" म्हणालीस. झालं, म्हटलं. तू बसूनच राहिलीस माझ्यासमोर. तेव्हाही विचारता आलं असतं. पण तेव्हा विचारायचं म्हणजे आधी विचारलं नव्हतं हे तोंडावर कबूल करणं होतं, आणि माझ्यानं ते झालं नाही. मी टीव्ही लावला. पुढे जेव्हा दुखणं वाढलं आणि मी धावतपळत तुला परत नेलं, तेव्हा तो डॉक्टर नवे रिपोर्ट बघून माझ्याकडं नुसता बघत राहिला. तू त्याला म्हणालीस, "त्याला नका बोलू. मीच नको म्हनलं व्हतं." वर्षभरात तू गेलीस.

तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी, पुण्यानुमोदनाची तयारी चालू होती, बाया विहारात गेल्या होत्या, मी घरात एकटा. सतरंजी काढायला आतल्या खोलीत गेलो तर कोठीमागच्या खुंटीला कापडी पिशवी लटकत होती. उघडली. नवं लुगडं, घडी न मोडलेलं. टॉवेल. फणी. स्टीलचा ग्लास. रेशनकार्डाची झेरॉक्स. आणि प्लास्टिकच्या पिशवीत दुमडून ठेवलेला नांदेडच्या डॉक्टरचा पहिला कागद. तू तयारी करून ठेवली होतीस, माय. दवाखान्यात न्यायचं सामान बांधून, खुंटीला लावून, तू माझी वाट बघत होतीस. मी विचारलं की उठायचं आणि निघायचं. किती दिवस बघितलीस? झेरॉक्स काढायला तू वसमतला कोणासोबत गेलीस, त्याला काय सांगितलंस, हे मला आजही माहीत नाही, आणि मी ते कोणाला विचारू शकलो नाही. मी लुगडं ट्रंकेत टाकलं, ग्लास मांडणीवर ठेवला, झेरॉक्स कागदपत्रात घातली. तो डॉक्टरचा कागद चुलीत घातला. मग सतरंजी घेऊन विहारात गेलो.

आणि तिथं बोललो. लोक म्हणाले, तू शिकलेला, दोन शब्द बोल. मी उभा राहून सांगितलं, की आमच्या मायनं दुखण्यापुढं हात जोडले नाहीत, चिरफाड नको म्हणाली, स्वतःचा निर्णय स्वतः घेतला, आणि शांत गेली. बाया डोळे पुसत होत्या. त्या दिवसापासून हीच तुझी गोष्ट झाली. बहिणीनं ती तिच्या अंगणवाडीतल्या बायांना सांगितली, लेकरांना सांगितली. तिच्या घरी तुझा फोटो आहे, आलेल्या माणसाला ती फोटो दाखवून सांगते, माय अशी होती. मी शेजारी बसून मान हलवतो. अकरा वर्षं मान हलवतोय.

आता ऐक. दोन महिन्यांपूर्वी तिला गाठ निघाली. तिला, माय. तुझ्या पोरीला. हिंगोलीत तपासलं, मग नांदेड. डॉक्टर म्हणाला, लवकर लक्षात आलं, काढून टाकली तर चांगली होईल. तिनं घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, मला करायचं नाही. नवरा बिचारा साधा माणूस, त्यानं मला फोन केला, दादा, तुमीच या. मी औंढ्यावरून हिंगोली, तिथून सेनगाव, पुढं जीपनं गोरेगाव, दुपारी पोचलो. ती ओसरीत सुपात तूर पाखडत बसलेली. मी विचारलं. ती म्हणाली, "नको." मी परत विचारलं, डॉक्टर काय म्हणाला ते सांगितलं, तिच्या धाकट्याचं नाव काढलं, तो आता सातवीत आहे. ती म्हणाली, "नको." मी तिसऱ्यांदा विचारलं. हात जोडून विचारलं. तिनं सूप खाली ठेवलं. "दादा, तिसऱ्यांदाबी नको. आता तर खरं ना? मायनं न्हाई केलं. माय भ्याली न्हाई. मी तिची पोरगी हाय. चिरफाड करून, केस जाऊन, लोकाच्या हातानं पानी पिऊन मला जगायचं न्हाई. माय कशी शांत गेली, तूच सांगतो ना?"

मीच सांगतो. माझंच खोटं माझ्यासमोर बसून तूर पाखडत होतं आणि मरायला निघालं होतं.

तेव्हा मी सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही. म्हटलं, बाई, मायनं नको म्हटलं नव्हतं. दोनदा म्हटलं, तिसऱ्यांदा मी विचारलंच नाही. तुला फोनवर तीनदा म्हणालो ते खोटं. चुलीपुढचं सांगितलं, विनोद केला ते सांगितलं, मान्यतेचं सांगितलं, पिशवीचं सांगितलं. तिनं सूप परत मांडीवर ओढलं.  मग विचारलं, "पिशवी कुठं हाय?"

"सोडली. तेव्हाच. सामान जिथल्या तिथं लावलं."

"कागद?"

"जाळला."

"म्हंजी दावायला काईच न्हाई."

"नाही."

"दादा, तू तवा खोटं बोलला का आता बोलून राहिला?"

"तेव्हा."

"म्हंजी मायच्या मरनावर अकरा वर्सं खोटं बोलू शकतो, असं तूच सांगतो. विहारात समद्यांम्होरं खोटं बोलू शकतो. मंग बहिनीचा जीव वाचवायला आज एक खोटं बोलायला तुला कितीक वेळ लागंल? आँ? तू जितकं म्हनशील मी खोटारडा हाय, तितकं मला वाटंल, आताबी खोटंच बोलतो."

मी म्हटलं, शपथ घेतो. ती म्हणाली, "घे. खोटं बोलनारा मानूस खोटी शपथ घेत न्हाई व्हय?" माय, हे मी वीस वर्षं फळ्यावर लिहितोय. मी खोटं बोलतो, असं म्हणणाऱ्याचं काय धरायचं, हे मी पोरांकडून पाठ करून घेतो. आठवीत शाळा सुटलेली तुझी पोरगी सूप मांडीवर घेऊन मला तेच विचारत होती. मला राग आला. खोटं कशाला सांगू, तिच्यावर आला. म्हटलं, "मग मरतेस का माझ्यावर विश्वास न ठेवता?" असं बोललो मी, आजारी बहिणीला.

ती रडायला लागली. आणि रडता रडताच तिचा हात माझ्या डोक्यावर आला, तू ठेवायचीस तसा. म्हणाली, "येडा हाय तू. अरे, मायचं मरन सोताच्या अंगावर घेऊन राहिला. माझ्यासाठी? एवढं कोन करतं रे?" मी तोंड उघडलं. तिनं हातानं थांबवलं. "येते मी नांदेडला. तू म्हनशील तवा येते. पन अगुदर एकदा माझ्याकडं बघून म्हन, का हे तू माझ्यासाठी रचलं. कारन हे खरं असंल ना दादा, तर माय वाट बघत बघत गेली. हे डोक्यात घेऊन मी त्या टेबलावर झोपू शकत न्हाई. आन तुझं तोंडबी बघू शकत न्हाई. म्हन."

मी म्हटलं, "रचलं."

"समदं?"

"समदं."

"पिशवी?"

"पिशवी पण."

ती उठली. तोंड धुतलं, चहा ठेवला, नवऱ्याला हाक मारून सांगितलं, नांदेडला जाते म्हणून. एवढ्यावर सगळं झालं. मी त्या ओसरीत चहा पीत बसलो होतो, आणि तुझं ते नवं लुगडं, ती फणी, तो ग्लास मी तुझ्याकडून दुसऱ्यांदा काढून घेतला होता. एकदा खुंटीवरून, एकदा या जगातूनच. आता तू वाट बघितली होतीस हे माहीत असलेला मी एकटाच, आणि मी तर ते नव्हतंच असं सांगून बसलोय. तरी दुसरं काय करायला हवं होतं ते मला सांग. मी खरं धरून बसलो असतो तर ती उठली नसती. तू असतीस तर मला फटका दिला असतास आणि म्हणाली असतीस, म्हन की लवकर, पोरगी वाचती. असं मी स्वतःला सांगतो. तुझ्या तोंडी माझ्या सोयीचं बोलणं घालायची मला सवय आहे, म्हणून यावरही माझा भरवसा नाही.

ऑपरेशन झालं, माय. परवा आठवडा झाला. डॉक्टर म्हणाला, सगळं निघालं, पुढचे डोस नीट घ्यायचे, काळजी नाही. ती बरी आहे, उठून बसते, मला हे आण ते आण करते. मी रजा टाकलीय, काल पेपर आणायला म्हणून घरी आलो, उद्या परत जायचंय. पण तुला सांगायचं होतं ते वेगळंच आहे. चार दिवसांमागं दुपारी मी वॉर्डात तिला डाळिंब सोलून देत होतो. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीला ती सांगत होती, "माझा भाऊ, मावशी. मी नको म्हनून बसले, तर मला उठवायला सोताच्या डोक्यावर एवढं मोठं पाप घेतलं यानं, जे केलंच न्हाई ते." म्हातारी माझ्याकडं बघून म्हणाली, "असा भाऊ पायजे माय एखाद्याला." बाकीच्या बायाही बघायला लागल्या. मी मान खाली घातली, दाणे काढत राहिलो. त्यांना वाटलं, लाजला.

हे पत्र मी ठेवणार नाही. ती वाचते, तिच्या हाती लागता कामा नये. लिहून झालं की फाडीन. फक्त एवढं कबूल करायचं राहिलंय. ती म्हातारी तसं म्हणाली ना, त्या घडीला, माय, मलाही ते खरं वाटलं.